हाड कुणाचं?

आमच्या अव्वाला, म्हणजे आईला, मोठी गोष्ट दोनदा सांगावी लागते. आधी मराठीत, कारण दिवसभर दुकानात मराठी बोलून घरी आलं की माझी जीभ पटकन वळत नाही. मग कन्नडमध्ये, कारण कन्नडमध्ये ऐकल्याशिवाय तिला ते खरं वाटत नाही. गेल्या वर्षी श्रावणात मी तिला सांगितलं की वरच्या जबड्यात हाड भरून घ्यायचंय, ते पक्कं झालं की त्यात स्क्रू आणि स्क्रूवर दाढ. ती पान कुटत बसली होती. खलबत्त्याचा आवाज थांबला.

"यार एलुबु?" कुणाचं हाड?

मला उत्तर देता येईना. डॉक्टर मॅडमनी "बोन ग्राफ्ट" म्हटलं तेव्हा मी मान हलवून मोकळा झालो होतो. खर्च किती, दुखेल किती, दुकान किती दिवस बंद ठेवायचं, एवढंच विचारलं होतं. सोलापुरात बाळीवेशीतल्या लिंगायत घरात जन्मलो, सत्तावन्न वर्षांत अंडंसुद्धा फोडलेलं नाही, आणि तोंडात भरायचं हाड कुणाचं हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. ऐंशी वर्षांच्या बाईला सुचलं.

पण त्याआधीचं सांगतो.

अशोक चौकाच्या बाजूला माझं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. धोटे, पिकर, फण्या, गिअर, नट-बोल्ट. त्याआधी अठरा वर्षं टॉवेलच्या मागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होतो. रात्रपाळी, मागांचा खडखडाट आणि गालात तंबाखूचा मावा. डाव्या गालात. 2014 साली त्याच बाजूची वरची मोठी दाढ हलायला लागली, ठणकायला लागली, तेव्हा जवळच्याच एका दवाखान्यात जाऊन काढून टाकली. दहा मिनिटांचं काम. "नवीन बसवायची असली तर नंतर बघू," असं तिथले डॉक्टर म्हणाले आणि मलाही ते बरंच वाटलं. दाढ गालाआड, दिसतेय कुणाला? 'नंतर'ची दहा वर्षं झाली.

या दहा वर्षांत मी उजवीकडूनच चावलं. कडक भाकरी, शेंगा, सगळा भार एकाच बाजूला. शेवटी उजवीकडच्या दाढेला चीर गेली तेव्हा सात रस्त्याकडे एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी उजवीकडचं बघितलं आणि म्हणाल्या, "काका, खरं दुखणं डावीकडे आहे."

सीबीसीटी नावाचा स्कॅन काढून आणायला सांगितला. उभं राहायचं, हनुवटी टेकवायची, यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारतं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी संगणकावर माझा जबडा पापडासारखा काप-काप करून दाखवला. वरती एक मोठी काळी पोकळी. तो सायनस, गालाच्या हाडामागची हवेची खोली. तिच्या तळाशी पांढरी रेघ, ते माझं हाड. मॅडमनी माउस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला. साडेतीन मिलिमीटर.

"मला इथे दहा मिलिमीटरचा इम्प्लांट बसवायचाय," त्या म्हणाल्या.

मी जन्मभर बोल्ट बसवले आणि विकले. साडेतीनच्या पट्टीत दहाचा बोल्ट घातला तर तो आरपार जाणार. पलीकडे हात पोचत असेल तर नट तरी लावता येतो. इथे पलीकडे पोकळीच.

"पण हाड गेलं कुठं? दाढ काढली होती, हाड नाही काढलं."

याचं उत्तर त्यांनी जे दिलं, ते मला कुणीतरी 2014 साली द्यायला हवं होतं. मी समजत होतो, दात हाडात सिमेंट लावून बसवल्यासारखा असतो. तसं नसतं. मुळाभोवती बारीक बारीक तंतू असतात, एक टोक मुळाच्या पृष्ठभागात आणि दुसरं हाडात रुतलेलं. दात त्या तंतूंवर टांगलेला असतो. आपण चावतो तेव्हा तंतू ताणले जातात आणि तो ताण हाडाला पोचतो. म्हणजे ताणाच म्हणा की. मागावर ताणा ढिला पडला की कापड कसं बिघडतं हे सोलापूरकराला शिकवायला नको. दात गेला, तंतू गेले, ताण गेला. काम उरलं नाही की शरीर ते हाड मोडीत काढतं. पहिल्याच वर्षात त्या जागेची रुंदी निम्म्यापर्यंत उतरू शकते, आणि त्यातला मोठा हिस्सा पहिल्या तीन महिन्यांतच. शिवाय वरच्या दाढांच्या जागी दुसरीकडूनही कुरतडणं चालू असतं, दाढ गेली की सायनसचा तळ खाली सरकतो. खालून हाड झिजतं, वरून पोकळी उतरते, आणि मधे माझं साडेतीन मिलिमीटर. समोरची खालची दाढसुद्धा, विरोध कुणाचा नाही म्हटल्यावर, रिकाम्या जागेकडे वर सरकली होती. ती नंतर थोडी घासावी लागली.

दाढ काढतानाच खोबणीत भरण घालून वर टाके मारले असते तर बरंच हाड टिकलं असतं. दाढ काढली त्याच दिवसाचं काम, आणि आता जे करावं लागलं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा गालात कापसाचा बोळा होता आणि तो थुंकून मावा कधी लावता येईल याची घाई होती.

घरी येऊन अव्वाकडे बघितलं तर हेच सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं. तिचे दात जाऊन पंचवीस वर्षं झाली. कवळी तीनदा नवी केली, दर वेळी काही वर्षांनी खालची खडखड हलायला लागते. आम्ही कवळी करणाऱ्याला नावं ठेवायचो. कवळीत खोट नव्हती, खालची जमीनच उतरत होती. तिचं नाक आणि हनुवटी जवळ का आली, तेही तेव्हा कळलं.

आता हाडाची गोष्ट.

अव्वाच्या प्रश्नानंतर मी परत मॅडमकडे गेलो. त्या हसल्या नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. टेबलावर कागद घेऊन त्यांनी सांगितलं. स्वतःचं हाड सगळ्यात चांगलं. ते खालच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्यातून किंवा हनुवटीतून काढता येतं, फारच लागलं तर कमरेच्या हाडातून. पण मग जखमा दोन. दुसरं, मृत्यूनंतर दान केलेलं माणसाचं हाड. ते प्रक्रिया करून, किरणांनी निर्जंतुक करून मिळतं. मुंबईला टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक हे काम करते. तिसरं, गायीचं. त्यातला सगळा सेंद्रिय भाग काढून टाकतात आणि नुसता खनिजाचा सांगाडा ठेवतात. तो हळू विरघळतो, म्हणून आकार धरून राहतो, आणि त्यावर अभ्यासही भरपूर झालाय. चौथं, कारखान्यात तयार केलेलं. हाडात असतं तेच कॅल्शियम आणि फॉस्फेट, भट्टीतून काढलेले दाणे.

"तुम्हाला कुठलं चालेल ते तुम्ही सांगा. माझ्या हाताला गायीच्या दाण्यांची सवय जास्त आहे, पण काम दुसऱ्यानंही होतं. थोडं जास्त थांबावं लागेल."

हे सगळं मी अव्वाला सांगितलं, या वेळी थेट कन्नडमध्ये. माणसाच्या हाडाला तिची हरकत नव्हती, याचं मला नवल वाटलं. आमच्यात दहन नाही, पुरतात. मातीत जायचं ते कुणाच्या कामी आलं तर वाईट काय, असं तिचं म्हणणं. गायीचं म्हटल्यावर मात्र तिनं अडकित्ता खाली ठेवला. "बसवण्णन एलुबु बायाग?" आमच्याकडे बैलाला, नंदीला बसवण्णाच म्हणतात. जानेवारीत ज्याच्या नावाचे ध्वज खांद्यावर मिरवायचे, त्याचं हाड तोंडात?

मी कारखान्याचे दाणे घ्यायचं ठरवलं आणि विषय संपला असं वाटलं. संपला नव्हता. दाण्यांवर झाकण म्हणून एक पडदा घालतात, तो बहुतेक वेळा कोलॅजेनचा असतो, आणि ते कोलॅजेन येतं डुकराच्या किंवा गायीच्या कातडीतून, नाहीतर हृदयावरच्या आवरणातून. हे मॅडमनी आपणहून सांगितलं, त्याबद्दल त्यांना मानतो. त्यालाही पर्याय निघाला, माझ्याच रक्ताचा पडदा. मग टाके. काळा धागा रेशमाचा असतो, म्हणजे किड्याचा. इथे अव्वानं सूट दिली. रेशीम सोवळ्याला चालतं, तर हिरडीला का नाही?

पुण्याहून मोठी लेक आली होती, ती फार्मसीवाली. आमचं हे सगळं मंथन ऐकून म्हणाली, "अप्पा, इतकी वर्षं अँटिबायोटिकच्या कॅप्सूल गिळताय ना? त्यांची टोपणं कशाची असतात?" जिलेटिनची. आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचंच. मी तिला म्हटलं, हे आजीला सांगू नकोस. तिनं सांगितलं नाही. मीही अजून सांगितलेलं नाही. मनात मात्र ते टोचतं. आपण नेमकं कुठल्या कुंपणाच्या आत उभे आहोत, तेच कळेनासं होतं.

एवढं ठरलं तरी मॅडम हात लावायला तयार नव्हत्या. माझी तीन महिन्यांची साखर, एचबीए1सी, 8.1 आली होती. "सातच्या आसपास आणा आणि मावा बंद करा. तंबाखू चालू असेल तर मी करणार नाही, तुमचे पैसे वाया जातील." साखर उतरवणं सोपं गेलं. मावा सोडताना पहिले पंधरा दिवस दुकानात मी गिऱ्हाइकांवर इतका खेकसलो की एकानं विचारलं, घरी काही झालंय का?

नोव्हेंबरच्या शेवटी मुहूर्त लागला. त्या दिवशी नेमका आमच्याकडे पाण्याचा दिवस. सोलापुरात राहणाऱ्याला याचा अर्थ कळेल, चार-पाच दिवसांनी एकदा येणारं पाणी सोडून घरातली बाई नवऱ्याच्या दाढेसाठी येत नसते. मी रिक्षानं एकटाच गेलो.

आधी दंडातून रक्त काढलं, नळ्या भरल्या आणि लगेच एका गोल यंत्रात घालून फिरवल्या. फ्रान्समध्ये 2001 च्या सुमारास निघालेली ही पद्धत, त्यात बाहेरचं काहीच मिसळत नाहीत. मी फेरे विचारले. मिनिटाला जवळजवळ तीन हजार. आमचा साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे पिक, म्हणजे आडवे धागे, मारतो, त्यामुळे मला आदर वाटला. दहा-बारा मिनिटांनी नळी बाहेर आली तेव्हा खाली लाल थर होता, आणि मधे पिवळसर, लुसलुशीत गोळा. मॅडमनी तो चिमट्यानं उचलला, लाल शेपूट कापलं आणि एका चपट्या स्टीलच्या डबीत दाबला. झाकण उघडल्यावर आत ओल्या पापडाएवढा पातळ पडदा. माझं रक्त. त्याला कुणाची हरकत असणार?

इंजेक्शनं दिल्यावर दुखलं नाही, पण कळत सगळं होतं. हिरडी उघडून त्यांनी हाडाच्या बाजूच्या भिंतीला एक लहान खिडकी पाडली. खिडकीच्या आत सायनसचं अस्तर असतं. ते फाडायचं नाही, नुसतं सोडवून वर उचलायचं, आणि खाली जी जागा होते तिच्यात दाणे भरायचे. सगळं कसब त्या अस्तरात. "अंड्याच्या टरफलाच्या आत पातळ पडदा असतो ना, तसं असतं बघा," असं त्या आधी समजावताना म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, मॅडम, अंडं आम्ही कधी आतून बघितलं नाही. त्या दोन सेकंद थांबल्या. "लसणाच्या पाकळीवरचा पापुद्रा?" ते लगेच कळलं.

लसूण सोलताना तो पापुद्रा अख्खा काढून बघा एकदा. मी घरी करून बघितलं होतं, पाचातले तीन फाटले. त्यामुळे खुर्चीत पडल्या पडल्या माझं सगळं लक्ष त्यांच्या श्वासाकडे. त्या बोलत नव्हत्या. सहायक मुलगी बोलत नव्हती. वाकड्या मानेचं एक हत्यार हाडाला घासून जात होतं, तेवढाच कुर्र आवाज कवटीच्या आतून येत होता. मग त्या म्हणाल्या, "काका, नाकानं श्वास घ्या." मी घेतला. "अस्तर हललं. अख्खं आहे." त्या आवाजात जो आनंद होता तो मी ओळखतो. तुटलेला माग पहिल्या झटक्यात चालू झाला की जॉबरचा आवाज असाच होतो.

दाणे एका छोट्या वाटीत होते, रव्यासारखे पांढरे. त्यात माझं रक्त मिसळलं की लाल, चिकट लगदा झाला. खिडकीजवळचं खरवडून काढलेलं माझं थोडं हाडही त्यातच. चमच्या-चमच्यानं भरलं, वर पडदा, वर टाके.

पुढचे दिवस पथ्याचे. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. स्ट्रॉनं काही प्यायचं नाही, जड उचलायचं नाही, दोन उशा घेऊन झोपायचं. खाणं म्हणजे मऊ भात, ताक, ज्वारीची आंबील. शेंगाचटणीकडे नुसतं बघायचं, कारण तिचा कण टाक्यात अडकला तर पंचाईत.

पाचव्या दिवशी मी दुकानात जाऊन बसलो, जायला नको होतं. कुणीतरी पिकरचं जुनं खोकं उघडलं, कापसाची धूळ उडाली आणि सवयीनं मी तोंड मिटून, नाक दाबून शिंकलो. कानापर्यंत काहीतरी फुगल्यासारखं झालं. रुमालावर रक्ताचा ठिपका. तसाच दुकान उघडं टाकून सात रस्त्याला. मॅडमनी बघितलं, टाके घट्ट होते, दाणे जागेवर होते. औषध वाढवलं आणि मला असं झापलं की बाहेर बसलेल्या पेशंटांनी ऐकलं असणार.

गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेपर्यंत टाके निघाले होते. दर वर्षी सातही नंदीध्वजांमागून बाराबंदी घालून अडुसष्ट लिंगांची फेरी मी पायी करतो. या वेळी तोंडाला मास्क बांधून केली, धुळीच्या भीतीनं. अक्षतांच्या दिवशी संमती कट्ट्याजवळ "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" म्हणायला तेवढा खाली केला.

मग जुलैपर्यंत, एकूण आठ महिने, नुसतं थांबायचं. या काळाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आत काय चाललंय ते दिसत नाही, दुखत नाही, पैसे मात्र दिलेले असतात. विमा कंपनीनं दाताचं काम म्हणून हात वर केले होते.

यंदा जुलैत परत स्कॅन. साडेतीनचे बारा झाले होते. इम्प्लांटसाठी भोक पाडताना मॅडमनी ड्रिल मधेच बाहेर काढून मला दाखवलं. ड्रिलच्या खाचांत, लोखंडात ड्रिल मारल्यावर कीस अडकतो ना तसा, लालसर ओला कीस होता. ते हाड. आणि त्यात अधूनमधून पांढरे ठिपके. ते कारखान्याचे दाणे, अजून न विरलेले. "बघा काका, तुमचं हाड त्या दाण्यांच्या मधून वाढलंय."

मग टायटॅनियमचा स्क्रू, आणि शेवटी टॉर्कचा पाना, ठरावीक जोर आला की सुटणारा. पस्तीसला पाना कट्कन सुटला. तो आवाज ऐकून मी पडल्या पडल्या अंगठा वर केला. या टायटॅनियमची गोष्टही मजेदार आहे. 1952 साली स्वीडनचे ब्रानेमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं एक छोटं उपकरण बसवून आतला रक्तप्रवाह बघत होते. काम झाल्यावर काढायला गेले तर निघेना, हाडानं ते धरून ठेवलं होतं. बोल्ट जाम झाला की आम्ही रॉकेल ओतून शिव्या देतो. त्या माणसानं त्यातून दात घडवले. 1965 साली पहिल्या पेशंटच्या जबड्यात बसवले.

आता हिरडीतून एक गोल, गुळगुळीत धातूची टोपी वर आलीय. जीभ सारखी तिकडे जाते, पूर्वी मावा असायचा त्याच जागी. आधी हाड-स्क्रूची पकड पक्की होऊ द्यायची, मग माप, मग दाढ.

परवा रात्री अव्वाला मोबाईलच्या टॉर्चमध्ये तोंड उघडून ती टोपी दाखवली. तिनं चष्मा वर-खाली करून बघितलं आणि परत तेच विचारलं. "यार एलुबु?"

"अर्ध नंद," मी म्हटलं, "अर्ध फ्याक्टरीद." अर्धं माझं, अर्धं फॅक्टरीचं.

तिनं थोडा विचार केला. फॅक्टरी सोलापुरातली का, एवढंच विचारलं, आणि नाही म्हटल्यावर तिचं समाधान झालं नाही.

मापाची तारीख पुढच्या मंगळवारची आहे. पाण्याचा दिवस नाही, बघून घेतलंय.